बोली कोणावर लागते?

कबड्डीपटूंचा लिलाव! माणसावर बोली लावणे हा शब्दप्रयोगच आमच्या कानाला खुपतो. तरीही बीडचे आम्ही कबड्डीवेडे पुणेरी पलटणच्या निवडीकडे डोळे लावून असतो आणि तिचा हिशेबही मांडतो.

२०२३ च्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. पैसा वाया गेला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. पण कर्णधार कोण होता? शेजारच्या नगर जिल्ह्यातला, गरिबीतून वर आलेला अस्लम इनामदार. तो कोटींच्या बोलीतून आला नव्हता; नवोदित म्हणून संघाने त्याला हेरले, घडवले. पुढच्याच हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. अस्लम मात्र पलटणमध्येच राहिला. आमच्या मते पलटणची खरी निवड तीच!

मग असे अस्लम आमच्या बीडमध्ये नाहीत काय? आहेत. पण दिवाळीच्या सुमारास आईबापाच्या कोयत्यामागे ही पोरे कारखान्याच्या तळावर जातात. शालेय स्पर्धा चुकतात, निवड चाचणी चुकते. दोष त्यांच्या अंगातल्या बळाचा नव्हे, मुकादमाच्या उचलीचा आहे. संघमालकांनी उन्हाळ्यात, ऊसतोड कुटुंबे गावी परतल्यावर, बीडमध्ये चाचण्या घ्याव्यात. आधी संधी द्या. मोल मग मैदानावर ठरू द्या!