वेगाची किंमत कोणी मोजावी?

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव स्पोर्ट्‌स मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. अल्पवयीनाच्या अशा अपराधासाठी पालकास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद २०१९ च्या कायदादुरुस्तीने केली आहे. परंतु अठराव्या वर्षी परवाना हाती पडला की, नवशिक्याने साधी मोटार चालवावी की शर्यतीच्या ताकदीची, याविषयी कायदा मौन पाळतो. वस्तुतः वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे उपभोग एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या चालकाचे वय आणि मोटारीची ताकद पाहून हप्ता आकारतात. आपल्याकडे सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यात चालकाचे वय वा अनुभव विचारातच घेतला जात नाही. तो घेतला जावा. मात्र धनिक पिता वाढीव हप्ताही सहज भरील. म्हणून पहिली काही वर्षे परवान्यावरच ताकदीची मर्यादा हवी. मोटारखरेदीच्या व्यवहारात रस्त्यावरील दुचाकीस्वाराला कोणी विचारीत नाही; त्याच्या वतीने कायद्यानेच बोलले पाहिजे.