चोरलेल्या वायूचा हिशोब

पवना धरणातून नदीत पाणी सोडताना दरवाजा किती उघडायचा, हे केवळ किती पाणी हवे यावर ठरत नाही. श्रावणात जलाशय काठोकाठ भरलेला असतो. दरवाजा थोडासा उचलला तरी पाणी उसळून बाहेर पडते. वैशाखात पातळी खाली जाते आणि तेवढ्याच पाण्यासाठी दरवाजा अधिक उघडावा लागतो. पवनानगरच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दाब बदलता असेल आणि काम मात्र ठरावीकच हवे असेल, तर वाट लहानमोठी करावी लागते. हेच तत्त्व सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकणाऱ्या एका यंत्रात कसे वापरतात, ते येथे पाहू. ते यंत्र म्हणजे अर्धस्वयंचलित रायफल.

एनसीसीच्या मुलांच्या हाती रायफल येते, पण विज्ञानाच्या तासाला तिचा उल्लेख सहसा होत नाही. शिबिरातल्या .२२ रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून रिकामी पुंगळी काढावी लागते. पोलिसांच्या खांद्यावर अनेक वर्षे दिसलेली लांब नळीची एसएलआर मात्र हे काम स्वतःच करते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुंगळी बाहेर फेकणे आणि नवे काडतूस आत सरकवणे आपोआप होते. त्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते? गोळीला ढकलणाऱ्या वायूतूनच. नळीला एक बारीक भोक असते. गोळी त्या भोकापुढे गेली की थोडा वायू त्यातून निसटतो, दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला मागे रेटतो. ही एक प्रकारची चोरीच; पण ती मापात व्हावी लागते.

आधी नळीतल्या दाबाचा अंदाज घेऊ. १९५८ साली स्थापन झालेल्या, पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने (एआरडीई) ‘इन्सास’ रायफलीचा आराखडा तयार केला. तिची नळी सुमारे ४६ सेंमी लांब, गोळी सुमारे ४ ग्रॅमची आणि नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. आठवी-नववीत शिकवलेले v² = २as हे सूत्र घेतले, तर सरासरी त्वरण जवळजवळ ९ लाख मीटर प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे बल सुमारे ३५०० न्यूटन. ते साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या गोळीच्या बुडावर वाटले, तर सरासरी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४०० पट होतो. घर्षण आपण येथे सोडून दिले आहे. कमाल दाब याहून पुष्कळ जास्त, साडेतीन हजार पटींच्याही वर असतो. तो सुरुवातीला येतो आणि गोळी पुढे सरकेल तसा वायूला अधिक जागा मिळून उतरत जातो. हा सारा प्रवास सुमारे एक मिलिसेकंदात संपतो.

आता नळीच्या लांबीचा प्रश्न. लांब नळीमुळे गोळीला वेग जास्त मिळतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. वर्गात शीतपेयाची नळी आणि कागदाचा बोळा घेऊन हे दाखवता येईल. (कोणाच्या डोळ्यांच्या दिशेने फुंकू नये, हे आधी बजावावे.) परंतु आपोआप भरणाऱ्या रायफलीत नळीची लांबी आणखी एक गोष्ट ठरवते, ती म्हणजे वेळ. गोळी तोंडातून बाहेर पडली की दाब झपाट्याने कोसळतो. म्हणून भोकापासून तोंडापर्यंत जायला गोळीला जेवढा वेळ लागतो, मुख्यतः तेवढाच वेळ दट्ट्याला ढकलायला मिळतो. हे अंतर १८ सेंमी असेल, तर वेळ मिळतो सेकंदाचा पाचहजारावा भाग! नळी आखूड केली तर भोकही मागे, चेंबरच्या दिशेने घ्यावे लागते. तेथे वायू अधिक तप्त आणि दाब चढा. अमेरिकेने १९९४ मध्ये स्वीकारलेल्या एम-४ कार्बाइनमध्ये हेच झाले. तिची यंत्रणा लांब नळीच्या एम-१६पेक्षा अधिक जोराने हलते आणि बोल्टवर ताणही अधिक येतो.

वायू कमी मिळाला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. पुंगळी अडकते किंवा नवे काडतूस येत नाही. जास्त मिळाला तर अडचण निराळी. दाबामुळे फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली पुंगळी मोकळी होण्याआधीच बोल्ट तिला ओढू लागतो. मग तिची कड फाटते आणि पुंगळी आतच राहते.

याची किंमत व्हिएतनाममध्ये मोजली गेली. एम-१६ रायफलीसाठी मूळ जी दारू गृहीत धरली होती, ती १९६४ च्या सुमारास बदलून वेगळ्या प्रकारची, गोल कणांची दारू वापरात आली. गोळीचा वेग तोच, कमाल दाबही मर्यादेत. कागदावर सारे ठीक होते. पण नवी दारू जळण्याची रीत वेगळी असल्याने भोकापाशी दाब पूर्वीपेक्षा जास्त राहू लागला. यंत्रणा वेगाने धावू लागली, काजळीही अधिक साचू लागली. त्यातच चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य सैनिकांना पुरेसे दिलेले नव्हते. ऐन लढाईत रायफली अडकल्या आणि सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे बोल्टचा वेग आवरणारा जड बफर आणि क्रोमचा मुलामा दिलेले चेंबर आले. आमच्या मते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण आवर्जून शिकवावे. दोन आकडे जुळले म्हणून तिसरा जुळतोच असे नाही.

नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, त्यामुळे तिचे टोक पुढेच राहते. एम-१६ची नळी प्रथम १४ इंचांत एक वेढा देत असे. अतिथंड, म्हणून दाट हवेत गोळ्या डळमळतात असे आढळल्यावर १९६३ मध्ये वेढा १२ इंचांवर आणला गेला. पुढे लांबट गोळ्या आल्या, तेव्हा १९८० च्या दशकात तो ७ इंचांवर आला. या नळीतून सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ५००० फेरे घेते.

एसएलआरमध्ये दाबातील चढउतारावर उपाय म्हणून धरणाच्या दरवाजासारखाच नियामक बसवलेला आहे. फरक एवढाच की तो वायूची आत येण्याची वाट नव्हे, तर जादा वायूची बाहेर पडण्याची वाट लहानमोठी करतो. ही वाट मिटवत नेली की दट्ट्याला अधिक वायू मिळतो. यंत्रणा भरवशाने चालेल एवढाच वायू द्यायचा, त्याहून अधिक नाही, असा दंडक असतो. थंडीत दारू सावकाश जळते आणि दाब कमी पडतो. काजळी व धूळ साचली की घर्षण वाढते. अशा वेळी वायू थोडा वाढवावा लागतो. हिमालयातील उंच ठाण्यांवर एकीकडे थंडीने दाब उतरतो, तर दुसरीकडे हवा विरळ असल्याने गोळीला होणारा विरोध घटतो. या दोन परिणामांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात. पहिला नळीच्या आतला आहे, दुसरा बाहेरचा.

जाता जाता एक गणित. एसएलआरची नळी सुमारे ५३ सेंमी, गोळी ९.३ ग्रॅमची, व्यास ७.६२ मिमी आणि वेग सेकंदाला ८४० मीटर. सरासरी दाब काढून पाहावा. गोळी दुपटीहून जड असूनही उत्तर इन्सासच्या उत्तराच्या अगदी जवळ येईल. असे का, याची चर्चा वर्गात करता येईल. नळी कशाची बनवतात, येथून सुरुवात करावी.