अर्दबीलचा गालिचा : एक विणलेला लेख

शिलालेख व ताम्रपट यांवरील कालनिर्देश आम्ही नित्य आधारास घेतों; परंतु विणलेल्या वस्त्रावरही असा निर्देश सांपडतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. लंडन येथील व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील अर्दबीलचा गालिचा हें त्याचें ठळक उदाहरण होय. त्याच्या एका टोंकाकडील लेखांत हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हा काल असून मक्सूद काशानी हें नांव आहे. त्या वेळीं इराणांत शाह तहमास्प राज्य करीत होता.

या लेखाची योग्यता कळण्यास गालिच्याची कृति समजली पाहिजे. सतरंजींत आडव्या धाग्यानेंच पृष्ठभाग होतो. गालिच्यांत तो गाठींनीं होतो. मागावर ताणा ताणल्यावर विणकर रंगीत लोकरीचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांत गुंतवून तोडतो व त्याचीं टोंकें वर ठेवितो. गाठींची एक ओळ पुरी झाली, कीं आडवा बाणा घालून ती फणीनें ठोकून बसवावयाची, व मग पुढची ओळ. वर राहिलेलीं टोंकें कातरून सारखीं करितात. या गालिच्यांत ताणा व बाणा रेशमी, गाठी लोकरीच्या व रंग दहा आहेत. लांबी सुमारें साडेदहा मीटर, रुंदी पांच मीटरांहून अधिक, आणि दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ५३ गाठी. एकूण गाठी अडीच कोटींवर जातात. लेखाचें प्रत्येक अक्षर अशाच गाठींनीं नक्षीबरोबर मागावर चढलें आहे. तें मागाहून भरलेलें नव्हे. म्हणून ज्यांचा काल केवळ शैलीवरून अनुमानावा लागतो, अशा इतर सफवी गालिच्यांस हा मापदंड झाला आहे.

तथापि सावधगिरी हवीच. संग्रहालयानें १८९३ सालीं २,००० पौंडांस हा गालिचा घेतला, तेव्हां तो पूर्ण दिसत होता. परंतु त्याच्या दुरुस्तीसाठीं जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे भाग कापून लाविलेले होते. किनारी गमावलेला तो जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयांत असून त्यावरही तोच काल विणलेला आहे. तेव्हां लेखांतील काल दोन्ही गालिच्यांच्या विणीस लागू पडतो. जोडकाम मात्र एकोणिसाव्या शतकांतील आहे. जुन्या कागदांत मूळ मजकूर व मागाहून पडलेली भर आम्ही निराळी दाखवितों. विणलेल्या साधनांसही तोच न्याय लाविला पाहिजे.