सॉल्व्हंट ट्रॅप किट : साफसफाईचे साधन की सायलेन्सर?

प्रस्तावना

विद्यार्थ्यांनो, एखादी वस्तू म्हणजे नेमके काय, हे तिच्या आकारावरून ठरते, ती काय करू शकते यावरून ठरते, की ती कशासाठी बनवली यावरून ठरते? यंत्ररचनेच्या तासाला आपण हा प्रश्न सहज सोडून देतो. कायद्याला मात्र तो सोडता येत नाही. या टिपणात आपण अमेरिकेतील एक उदाहरण पाहणार आहोत. तिथे बंदूक साफ करण्याचे साधन म्हणून विकला जाणारा सॉल्व्हंट ट्रॅप किट काही वेळा कायद्याच्या दृष्टीने सायलेन्सर ठरतो आणि तो बाळगणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरी किंवा उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी हा विषय समजून घ्यायला हवा. कारण शेवटी पाहू.

सॉल्व्हंट ट्रॅप म्हणजे काय?

बंदुकीच्या नळीत दारूची काजळी आणि धातूचे कण साचतात. ते काढण्यासाठी नळीत द्रावक घालून ब्रश आणि कापडाच्या चिंध्या फिरवतात. हे मळके द्रावक नळीच्या तोंडातून खाली गळते, ते धरण्यासाठी तोंडाशी एक भांडे बसवतात. हाच सॉल्व्हंट ट्रॅप. साध्या स्वरूपात तो आटे असलेला जोड आणि प्लॅस्टिकची बाटली एवढाच असतो. त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

वाद आहे तो दुसऱ्या प्रकारावर. त्यात बाटलीच्या जागी धातूची नळी येते, आत एकामागे एक बसणारे पेल्यासारखे धातूचे भाग येतात आणि टोकाला बंद झाकण असते. विक्रेता सांगतो की हे भाग द्रावकातील गाळ अडवतात. पण सायलेन्सरची अंतर्रचनाही अशीच असते.

सायलेन्सरचे तत्त्व आपल्याला दुचाकीमुळे ठाऊक आहे. उच्च दाबाचे तप्त वायू एकदम बाहेर पडले की मोठा आवाज होतो. त्यांना कप्प्याकप्प्यांतून प्रसरण पावू दिले, थोडे थंड होऊ दिले, की आवाज घटतो. अमेरिकन अभियंता हायरम पर्सी मॅक्झिम याला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. इंजिनांचे आवाज कमी करण्याच्या साधनांवरही त्याने काम केले. दोन्हींमागचे भौतिकशास्त्र एकच आहे.

वादग्रस्त किट आणि सायलेन्सर यांत उरणारा मुख्य फरक एवढाच की किटमधून गोळी जायला वाट नसते. वादाचे मूळ या फरकात आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेत सायलेन्सरवर सरसकट बंदी नाही. बहुतेक राज्यांत तो बाळगता येतो, काही राज्यांत मनाई आहे. संघराज्याच्या पातळीवर १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागू होतो. या कायद्यानुसार सायलेन्सर बनवण्याआधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, त्याची नोंद होते आणि त्यावर अनुक्रमांक कोरावा लागतो. बनवण्यावर आणि हस्तांतरणावर २०० डॉलर कर होता. १९३४ पासून ही रक्कम बदलली नव्हती. २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील हा कर शून्य केला. कर गेला, तरी पूर्वमंजुरी आणि नोंदणी कायम आहे, हे लक्षात ठेवा.

सायलेन्सरची आजची व्याख्या १९८६ च्या दुरुस्तीतून आली. तिचे तीन भाग पडतात :

१. बंदुकीच्या बाराचा आवाज कमी करण्यासाठी असलेले उपकरण.
२. सायलेन्सर जोडण्यासाठी किंवा बनवण्यासाठी रचलेला आणि त्याच हेतूने असलेला सुट्या भागांचा संच.
३. केवळ अशाच वापराच्या हेतूने असलेला एखादा सुटा भाग.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमांतील फरक बारकाईने पाहा. एकट्या भागासाठी ‘केवळ’ हा शब्द आहे, संचासाठी तो नाही. त्यामुळे ‘याने साफसफाईही होते’ हा बचाव सुट्या भागाच्या बाबतीत जितका उपयोगी पडेल, तितका पूर्ण संचाच्या बाबतीत पडेलच असे नाही. शिवाय हेतू कोणाचा पाहायचा, बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की विकत घेणाऱ्याचा, हे व्याख्या स्पष्ट सांगत नाही. ‘धूसर जागा’ म्हणतात ती हीच.

हेतू कशावरून ठरवायचा?

न्यायालयांनी हा प्रश्न टप्प्याटप्प्याने हाताळला आहे.

*क्षमता पुरेशी नाही.* उशीनेही आवाज दबतो, म्हणून उशी सायलेन्सर होत नाही. २०१० मध्ये फर्स्ट सर्किट अपील न्यायालयापुढे एअरगनसाठी घरी बनवलेल्या साधनाचा खटला आला. ते साधन खऱ्या बंदुकीवर बसवले असता तिचा आवाज कमी होत होता. तरीही तेवढ्यावर ते सायलेन्सर ठरत नाही, त्यामागील उद्देश पाहावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले.

*साम्यही पुरेसे नाही.* २०१४ मध्ये इनोव्हेटर एंटरप्रायझेस कंपनीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने बंदूक-नियमन करणाऱ्या ब्युरोचा, म्हणजे एटीएफचा, निर्णय रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला. काही बाह्य लक्षणे सायलेन्सरशी जुळतात एवढ्यावरून वर्गीकरण करता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. शेपूट, करडा रंग आणि चार पाय एवढ्यावरून उंदराला हत्ती म्हणता येत नाही, अशा आशयाचे उदाहरण न्यायाधीशांनी दिले.

*लेबलही पुरेसे नाही.* २०१६ च्या सिग सॉअर खटल्यात कंपनीने एका भागाला मझल ब्रेक, म्हणजे बंदुकीचा झटका कमी करणारा भाग, असे नाव दिले होते. प्रत्यक्षात तो कंपनीच्याच सायलेन्सरमधील आतल्या गाभ्यासारखा होता, फक्त बाहेरची नळी नव्हती. फर्स्ट सर्किटने इथे एटीएफची बाजू उचलून धरली. उत्पादक काय म्हणतो याबरोबरच वस्तूची रचना काय सांगते, हेही पाहता येते.

सुट्या भागांच्या संचाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल उपयोगी आहेत. १९९२ च्या थॉम्पसन/सेंटर आर्म्स खटल्यात पिस्तूल आणि त्याचे रायफलमध्ये रूपांतर करणारा संच एकत्र विकला जात होता. त्यातून कायदेशीर लांब नळीची रायफल होऊ शकत होती, तशी नोंदणी लागणारी आखूड नळीची रायफलही. जोडणी न झालेल्या या संचाला आखूड रायफल मानता येणार नाही, असा निकाल लागला. कायदेशीर उपयोग असलेल्या संचाला संदिग्धतेचा फायदा मिळाला. याउलट मार्च २०२५ मधील व्हॅनडरस्टॉक निकालात, घरी जोडायच्या बंदुकीचे काही संच जोडण्याआधीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, हे न्यायालयाने मान्य केले. हा निकाल १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टखालचा आहे, सायलेन्सरवरचा नाही. पण अपुरी वस्तूही कधी कधी तिच्या पूर्ण नावानेच ओळखली जाते, हा त्यातला विचार इथे लागू पडतो. दुकानातून सुटे भाग आणूनही आपण ‘टेबल आणले’ असेच म्हणतो.

२०२२ चा पेच

अनेक ग्राहकांची समजूत अशी होती : किट ही साफसफाईची वस्तू म्हणून घ्यायची, मग सायलेन्सर बनवण्याच्या परवानगीचा अर्ज करायचा आणि मंजुरी मिळाल्यावरच त्यात बदल करायचा. क्रम कायदेशीर वाटतो. पण २०२२ च्या सुरुवातीला एटीएफने असे अनेक अर्ज नाकारले. ब्युरोचे म्हणणे होते की हे किट विक्रीच्या वेळीच सायलेन्सर होते, म्हणून ते ‘बनवण्याची’ परवानगी देण्याचा प्रश्नच येत नाही. आतल्या भागांची मांडणी, छिद्र कुठे पडेल याच्या खुणा, विक्रीची भाषा अशा गोष्टी एटीएफ पुरावा म्हणून पाहते.

पेच असा की नोंद नसलेला सायलेन्सर एकदा अस्तित्वात आला, तर तो बाळगणाऱ्याला नंतर आपल्या नावावर नोंदवता येत नाही. प्रामाणिकपणे अर्ज करणाऱ्यानेच आपल्याकडे ती वस्तू असल्याचे लेखी सांगितले होते! अशा अर्जदाराकडे बचाव असतो. १९९४ च्या स्टेपल्स निकालानुसार, वस्तूला नियमनाखाली आणणारे गुणधर्म आरोपीला माहीत होते, हे सरकारला सिद्ध करावे लागते. पण तो बचाव खटला उभा राहिल्यानंतरचा आहे.

किटमध्ये बदल पूर्ण केल्यावर मात्र धूसरता उरत नाही. लुइझियानातील एका बंदूक विक्रेत्याने किटपासून बनवलेला, नोंद नसलेला सायलेन्सर झडतीत सापडला. पाचव्या सर्किट न्यायालयाने २०२५ मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली.

भारतीय वाचकाशी संबंध

पहिली गोष्ट : आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘बंदूक’ या संज्ञेतच आवाज किंवा ज्वाळ कमी करणारी उपसाधने आणि बंदुकीचे सुटे भाग येतात. इथेही कसोटी ‘त्यासाठी रचलेले किंवा त्याजोगे केलेले’ अशीच आहे. परवान्याशिवाय अशी वस्तू बाळगणे, बनवणे किंवा आयात करणे गुन्हा आहे. परदेशी संकेतस्थळावर ती ‘क्लीनिंग किट’ म्हणून दिसली, तरी कस्टमच्या टेबलावर ते नाव पुरेसे ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. अमेरिकेत विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा परवाना यांसारखे ठरावीक अपवाद सोडले, तर बंदूक बाळगण्यास मनाई आहे. आणि त्या कायद्यात सायलेन्सर स्वतःच ‘बंदूक’ या व्याख्येत येतो. म्हणजे ज्या किटवरून तिथल्या नागरिकाला नोंदणीचा प्रश्न पडतो, त्यावरून आपल्या विद्यार्थ्यापुढे दुसरा गुन्हा आणि देशाबाहेर काढले जाण्याची शक्यता उभी राहते. शिक्षण, कर्ज, नोकरी, सगळे त्यात अडकते. वस्तू खुलेपणाने विकली जाते, म्हणून ती बाळगणे कायदेशीर आहे, असा निष्कर्ष काढू नये.

सारांश

क्षमता, बाह्य साम्य आणि लेबल यांपैकी एकटे काहीही वर्गीकरण ठरवत नाही. रचना, विक्रीची पद्धत आणि वापर यांतून हेतू काढला जातो. प्लॅस्टिकची बाटली एका टोकाला आणि बदल पूर्ण झालेला किट दुसऱ्या टोकाला, या दोन्ही जागा स्पष्ट आहेत. मधल्या जागेत निर्णय नंतर होतो, जोखीम मात्र आधीपासून वस्तू बाळगणाऱ्याची असते. अभियंत्याने आराखडा काढताना हेही ध्यानात घ्यावे की त्याची रेखाचित्रे उद्या हेतूचा पुरावा म्हणून वाचली जाऊ शकतात.

स्वाध्याय

१. व्याख्येतील ‘संच’ आणि ‘सुटा भाग’ यांच्या कसोट्यांत काय फरक आहे? तो का ठेवला असावा?
२. २०१४ आणि २०१६ चे निकाल परस्परविरोधी आहेत का? कारणे द्या.
३. दुहेरी उपयोगाची एखादी कार्यशाळेतील वस्तू निवडा. तिचा हेतू ठरवण्यासाठी तुम्ही कोणते तीन पुरावे पाहाल?