गाडीचे सस्पेन्शन – ५ : स्प्रिंगवरचे आकडे

कॉइलओव्हरच्या, म्हणजे डॅम्परभोवती बसणाऱ्या, स्प्रिंगची ओळख तीन आकड्यांत होते: आतला व्यास, मोकळी लांबी आणि रेट. ६०-१७८-०८० असे छापलेले असेल, तर व्यास ६० मिलिमीटर, लांबी १७८ मिलिमीटर आणि रेट ८. म्हणजे दर मिलिमीटर दाबायला ८ किलो भार लागतो. अमेरिकी मापांत हेच इंच-पौंडांत लिहितात. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ५६ पौंड प्रति इंच, त्यामुळे आठाची स्प्रिंग तिकडे साधारण ४५० ची.

हा रेट मुख्यतः तारेची जाडी ठरवते आणि तोही चौथ्या घाताने. बाकी सारे तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. वेटोळी कमी झाली तरी रेट वाढतो. गाडी खाली बसवण्यासाठी मूळ स्प्रिंग कापली की ती कडकही होते, ती यामुळेच.

चाकाला मात्र छापलेला रेट मिळत नाही. चाक १० मिलिमीटर उचलले की स्प्रिंग किती दबते, त्या गुणोत्तराचा वर्ग करून रेटला गुणावे लागते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गुणोत्तर ०.९५ धरले, तर आठाची स्प्रिंग चाकाशी ७.२ उरते, डबल विशबोनमध्ये ते ०.७ असेल, तर जेमतेम ३.९. होंडा सिव्हिकला २००० सालापर्यंत पुढे डबल विशबोन होते, २००१ च्या पिढीत स्ट्रट आले. दोन्हींना एकाच रेटच्या स्प्रिंग सुचवणे म्हणूनच चूक आहे.

आता वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारा प्रश्न: स्प्रिंगला खालून आधार देणारी कॉलर वर फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, तर ती कडक होते का? सरळ रेटची स्प्रिंग होत नाही. सहाच्या स्प्रिंगवर ३०० किलो भार असला की ती ५० मिलिमीटर दबते. कॉलरने आधी १० मिलिमीटर दाबली, तरी त्या भाराखाली एकूण दबणे ५०च राहते. फक्त गाडी १० मिलिमीटर वर उभी राहते. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर सहा किलोच मागतो. बदलते ते इतकेच की खड्ड्यात चाक खाली जायला डॅम्परची वाट १० मिलिमीटरने कमी होते आणि वर यायला तेवढीच वाढते. कॉलर फिरवल्यावर जाणवणारा फरक या वाटणीचा असतो.

मापांत चूक होते ती व्यासात. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. त्या मापाच्या बैठकीवर ६२ ची स्प्रिंग बसत नाही. ६५ ची बसते, पण सैल राहते, सरकते आणि डॅम्परला घासू शकते. लांबी निवडताना सर्व वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत स्प्रिंग किती दबते ते पाहावे. डॅम्पर पूर्ण बसण्याआधी वेटोळी टेकली, तर धक्का थेट बॉडीला बसतो. उलट, चाक पूर्ण लोंबल्यावर छोटी स्प्रिंग बैठकीवरून सुटत असेल, तर तिच्याबरोबर अगदी नरम हेल्पर स्प्रिंग लावतात. गाडी उभी असताना हेल्पर पूर्ण दबलेली असते, त्यामुळे तिचा रेट हिशोबात धरत नाहीत.

कडक स्प्रिंगला डॅम्पर कसा जुळवायचा, हा ठरलेला भाग कॉलरच्या प्रश्नामुळे पुढच्या आठवड्यावर गेला आहे.