ऑपरेशन झालं, दुखणं राहिलं

मणक्याचं ऑपरेशन ठरतं तेव्हा घरात सगळ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: आता एकदाचं हे दुखणं जाणार. ऑपरेशन नीट पार पडतं, टाके निघतात, सर्जन नवा एमआरआय पाहून 'सगळं व्यवस्थित आहे' म्हणतात. तरीही चार महिन्यांनी कंबर भरून येतेच, पायातून कळ जातेच, रात्री तळपायाची आग होतेच. मग पेशंट गप्प होतो. पैसे खर्च झालेले, रजा संपलेली, मुलांनी धावपळ केलेली. आता पुन्हा 'दुखतंय' म्हणायचं तरी कुणापाशी? सर्जन म्हणतात, आमच्या बाजूने काही शिल्लक नाही. घरचे म्हणतात, थोडं सोस, होईल कमी. शेजारी म्हणतात, तरी सांगत होतो, मणक्याला हात लावू नये.

असे लोक थोडे नाहीत. कंबरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणं मागे उरणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण 10 ते 40 टक्के सांगितलं जातं. आकडा इतका सैल आहे, कारण ऑपरेशनं वेगळी, पेशंट वेगळे आणि 'बरं वाटणं' मोजायच्या पद्धतीही वेगळ्या. फाइलवर 'एफबीएसएस' अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका. ऑपरेशननंतर टिकून राहिलेल्या दुखण्याला दिलेलं ते जुनं नाव आहे. सर्जनने चूक केली, असा त्याचा अर्थ होत नाही.

या लोकांनी जायला हवं अशी एक जागा आहे, पण तिचा पत्ता फारसा कुणी सांगत नाही. रुग्णालयाच्या पाटीवर तिथे 'पीएमआर' किंवा 'भौतिकोपचार व पुनर्वसन' लिहिलेलं असतं. आत बसलेले डॉक्टर म्हणजे फिजिअॅट्रिस्ट. एमबीबीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडी किंवा डीएनबी केलेले. फिजिओथेरपिस्ट आणि हे डॉक्टर यांत लोक कायम गल्लत करतात. फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या आणि हालचालीच्या उपचारांतले जाणकार, त्यांच्यावाचून पुढचं पान हलत नाही. पण दुखणं नेमकं कुठून येतंय याचं निदान करणं, औषधं ठरवणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं आणि फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, बूट-पट्टे बनवणारे अशा सगळ्यांना एका दिशेने लावणं हे या डॉक्टरांचं काम.

महाराष्ट्राला हे शास्त्र नवं नाही. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन 1955 मध्ये उभं राहिलं. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 चं. युद्धात पाय गमावलेले जवान, पोलिओची मुलं, अपघातात कमरेखाली लुळे झालेले तरुण यांच्यासाठी या संस्थांनी केलेलं काम फार मोठं आहे. पण त्यामुळेच लोकांच्या मनात बसलं की तिथे फक्त अपंगांनी जायचं. चालता-फिरता माणूस, नुसती कंबर दुखते म्हणून, तिकडे वळतच नाही.

इथे वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांची आठवण सांगायलाच हवी. 1954 मध्ये मोटार अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. तेव्हा त्या तरुण डॉक्टर होत्या. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हा विभाग उभारला. 1972 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शरीर पूर्ववत होणार नाही हे कळल्यावरही आयुष्य पुष्कळ परत मिळवता येतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, चौथ्या-पाचव्या मणक्यात स्क्रू आणि पट्ट्या बसवल्या होत्या. पायातली कळ गेली, पण उजव्या बाजूला कमरेखाली एक ठणक राहिली. तिला पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी सोबत होते. एमआरआयची पिशवी टेबलावर तशीच राहिली. डॉक्टर आधी अक्का दारातून आत कशी येते आणि खुर्चीत बसताना कुठे हात टेकते ते बघत होत्या. मग प्रश्न सुरू झाले. सकाळी उठल्यावर जास्त दुखतं की संध्याकाळी? खोकल्यावर कळ येते? संडास भारतीय आहे की कमोड? कामाला जायला एसटी की स्कूटर? झोप लागते का? आणि शेवटी: "काकू, दुखणं जरा बाजूला ठेवू. घरातलं कुठलं काम पुन्हा जमायला हवं असं वाटतं?"

अक्का जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "भाकरी. तीन थापल्या की ओट्याला धरून उभं राहावं लागतं. उरलेल्या सून करते."

डॉक्टरांनी ते कागदावर सगळ्यात वर लिहिलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, हात न टेकता खुर्चीतून उठवलं, एका पायावर उभं केलं. टाचणीने आणि कापसाने पायाची संवेदना तपासली. मग टेबलावर उताणं झोपवून उजवी टाच डाव्या गुडघ्यावर ठेवायला लावली आणि उजवा गुडघा हळूच खाली दाबला. अक्का ओरडली, "हेच! हेच दुखणं!" आणि तिचं बोट गेलं थेट पाठीमागे, कमरेखाली खळी पडते तिथे. डॉक्टर म्हणाल्या, कळ जांघेत आली असती तर खुब्यावर संशय घेतला असता. ही जागा माकडहाडाच्या वरच्या हाडालगतच्या सांध्याची, म्हणजे सॅक्रोइलिअॅक सांध्याची. मणके एकमेकांना जखडले की वाकण्या-वळण्याचा भार शेजारच्या मणक्यांवर आणि या सांध्यावर जातो. खात्रीसाठी पुढे एक्स-रेच्या मदतीने त्या सांध्यात भूल देणारं औषध सोडलं. काही तास दुखणं जवळपास थांबलं, म्हणजे उगम सापडला. एमआरआयमध्ये तो दिसला नव्हता.

तपासणीवर एवढा भर असतो, कारण दुखणं मागे राहण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. गादीचा उरलेला तुकडा पुन्हा बाहेर येऊन नस दाबू शकतो. नसेभोवती व्रणाचं जाळं तयार होऊ शकतं. तो व्रण आहे की गादी, हे शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या एमआरआयमध्ये बऱ्याचदा वेगळं ओळखता येतं. जोडलेलं हाड नीट सांधलेलं नसतं किंवा स्क्रू ढिला होतो. कधी ऑपरेशनआधी नस इतके महिने दबलेली असते की दाब निघाला तरी ती दुखावलेलीच राहते. तंतू पुन्हा वाढायची वेळ आली तर त्यांचा वेग दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर असतो. पाठीच्या कण्याला बिलगून असलेले खोल स्नायू आधीच्या दुखण्याने आणि ऑपरेशनमध्ये बाजूला सारल्याने दुबळे होतात, ते आपोआप परत भरत नाहीत. शिवाय अशी ऑपरेशनं पायातल्या कळेला जितकी गुणकारी ठरतात तितकी नुसत्या कंबरदुखीला ठरत नाहीत. हे ऑपरेशनच्या आधी शांतपणे सांगितलं गेलं, तर निम्मी निराशा टळेल असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली गोष्ट मधुमेह आणि बी-12 ची कमतरता. दोन्हींमुळे तळपायांची आग होते आणि मुंग्या येतात. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी असणं अगदी सर्रास. तो दोष मणक्याच्या माथी मारला जातो. दुसरी गोष्ट मिश्री आणि तंबाखू. निकोटिनमुळे हाड सांधायला अडथळा होतो, आणि बायका मिश्रीला व्यसन समजत नाहीत म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत. सांगा.

एमआरआयचा कागद मात्र जपून वाचावा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गादीत झीज होती, ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या. म्हणजे कागदावर 'झीज' लिहिलंय म्हणून तीच दुखतेय असं नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय केवळ त्या कागदावर कधीच घेऊ नये.

काही वेळा तर दुखण्याचं मूळ विझलेलं असतं आणि मज्जासंस्थाच अतिसावध झालेली असते. घरात एकदा चोर शिरल्यावर राखणीचं कुत्रं पुढे महिनोन्‌महिने पाचोळ्याच्या सळसळीलाही भुंकतं, तसं. दुखणं खोटं मुळीच नसतं, भुंकणं खरंच असतं. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शरीर आणि भावना या दोन्हींचा अनुभव मानला आहे. म्हणून फिजिअॅट्रिस्ट मानसतज्ज्ञाकडे पाठवतात तेव्हा 'मला वेडं ठरवलं' असं मनाला लावून घेऊ नये. भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू आणखी दुबळे होतात, मग थोडी हालचालही दुखते. हे चक्र तोडण्याचं काम औषधापेक्षा समजावण्याने आणि सरावाने जास्त होतं.

उपचारांचा गाभा व्यायामच आहे, पण 'व्यायाम करा' एवढं सांगून भागत नाही. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायचं, असं बहुतेकांचं चालतं. अक्काला सांगितलं गेलं की दुखायला लागण्याआधी थांबायचं. आधी दोनच भाकऱ्या, मग बसायचं, मग पुन्हा दोन. ओट्यापाशी एक बुटका पाट ठेवायचा आणि एक पाय त्यावर, आलटून पालटून, म्हणजे कमरेवरचा ताण हलका होतो. शिवाय नितंबांचे आणि पोटाचे व्यायाम, रोज ठरावीक चालणं आणि त्याची वहीत नोंद. पहिला महिना काहीच फरक पडला नाही. तो नंतर पडू लागला. ठणक आजही अधूनमधून येते. भाकऱ्या मात्र ती सगळ्या थापते.

कंबरपट्ट्यावर लोकांचा फार विश्वास. ऑपरेशननंतर सर्जनने ठरावीक मुदतीसाठी दिला असेल तर जरूर वापरा, पण वर्षभर तो अंगावर ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात पट्टे, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं सांगितलं आहे आणि शिक्षण, व्यायाम, मानसिक आधार यांना पुढे ठेवलं आहे. त्या सूचना विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी आहेत हे खरं, पण ऑपरेशननंतरच्या पुनर्वसनाची दिशाही याहून निराळी नाही.

गोळ्यांचं तसंच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्ही धोक्यात येतात. ट्रॅमाडॉलची सवय लागू शकते. प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन या नसांच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, पण त्याने झापड येते, तोल जातो, पायांवर सूज येते. त्या घेऊन स्कूटर चालवणं धोक्याचं. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सायटिकाच्या पेशंटना प्रेगाबालिन देऊन पाहिलं तेव्हा औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून गोळीचा उपयोग होतोय का हे डॉक्टरांनी ठरावीक दिवसांनी विचारायला हवं आणि होत नसेल तर ती हळूहळू बंद करायला हवी. स्वतःच्या मनाने एकदम तोडू नये.

काही लक्षणांत पुनर्वसन, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जन किंवा आपत्कालीन विभाग गाठायचा असतो: लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणं, ताप, जखमेतून स्राव, एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं.

अडचणी आहेतच. असे डॉक्टर शहरांत एकवटलेले आहेत. आरोग्यविमा बहुतेक वेळा भरती झाल्यावरच पैसे देतो, ओपीडीतल्या व्यायामाचे नाही. ऑपरेशनला लाखो रुपये मिळतात आणि त्यानंतरच्या उभं राहण्याला काहीच नाही, हा अन्यायच आहे आणि तो बदलायला हवा. तोवर तालुक्यातल्या माणसाला एक मार्ग जमण्यासारखा आहे: जवळच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएमआर विभाग आहे का याची चौकशी करायची, एकदा जाऊन नीट तपासणी आणि लेखी कार्यक्रम घ्यायचा आणि रोजचं काम गावातल्या फिजिओथेरपिस्टकडे करायचं.

जाताना ऑपरेशनचा कागद न्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. आधीचे आणि नंतरचे स्कॅन, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आठवडाभराची एक वही न्या: कधी दुखलं, काय करताना दुखलं, किती चाललात, झोप किती झाली. घरचं एक माणूस बरोबर असू द्या, कारण पुढे घरी सांभाळून घ्यायचं तेच आहे. आणि कुठलं काम पुन्हा जमायला हवंय, ते घरूनच ठरवून जा. ऑपरेशनला तीन महिने उलटून गेले असतील आणि दुखणं तसंच असेल, तर आणखी वाट बघू नका. पहिल्या मोकळ्या दिवशी तारीख घ्या.