दगडात गाडलेले अरण्य

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना आपले लक्ष सहसा दरीकडे असते. एकदा डोंगराच्या अंगाकडेही पाहावे. काळ्या कातळाच्या थरांमध्ये मधूनच तांबड्या मातीची पट्टी दिसते. चंद्रकळेला तांबडा काठ असावा तशी!

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईला भेगा पडून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचून आपले दख्खन घडले. दोन थरांमधल्या विसाव्यात खालच्या कातळाची माती होई. वर नवा लाव्हा आला की ती विटेसारखी भाजून निघे. तीच ही पट्टी.

मग त्या विसाव्यात झाडे वाढली नसतील काय? महाडला मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पडला तो एका विद्यार्थ्यामुळे. नागपूरकडच्या मामांनी दिलेला एक तुकडा त्याने वर्गात आणला. "सर, हे लाकूड की दगड?" रेषा लाकडाच्या, वजन दगडाचे!

उत्तरासाठी पूर्वेकडेच वळावे लागते. तिकडे लाव्हाच्या थरांमध्ये तळी साचली आणि त्यांच्या काठी ताडामाडाच्या कुळातली झाडे वाढली. नागपूरजवळच्या टाकळीचे असे अवशेष स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात जगापुढे आणले. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे तर दगड झालेली फुलेफळेही मिळाली.

ही किमया होते कशी? गाळात गाडलेल्या खोडाला हवा मिळत नाही, म्हणून ते लवकर कुजत नाही. झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका, म्हणजे गारेचे द्रव्य, विरघळलेले असते. ते पेशीपेशीत शिरून घट्ट होते. लाकूड जाते, त्याची घडण राहते. असा दगड कापून, कागदाहून पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाचे कूळ ओळखता येते. माडाच्या खोडाच्या कापावर वलये नसतात, ठिपके असतात. या दगडी ताडांतही तेच ठिपके!

डॉ. बिरबल साहनी यांनी या विद्येला आयुष्य वाहिले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी लखनौला त्यांच्या संस्थेची कोनशिला बसवली. त्या शिळेत साहनींनी जमवलेले जीवाश्मच जडवले होते. पुढे आठवड्याभरातच साहनी गेले.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम येथे लाव्हाच्याही आधीचे दगडी वृक्ष आहेत. तेथे जीवाश्म उद्यान करून ते राखले आहेत. हेच योग्य. आमच्या विद्यार्थ्याचा तुकडा नेमका कुठला, हे मामांना आठवेना. कोणत्या थरातला, कशाशेजारचा, हेही कळण्याचा मार्ग उरला नाही. पोथीतले सुटे पान हाती आले, पोथी हरवली!

तेव्हा सुटीत मुलांसह हिंडताना असा दगड आढळलाच, तर तो दिवाणखान्याच्या शोभेसाठी उचलू नये. छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवावे. कोट्यवधी वर्षे जागा न सोडलेल्या झाडाला आपण तरी का हलवावे?